गाडी थांबवून राहिलो

मी आगगाडीच्या खेळाचा पट बोलतोय. पुठ्ठ्याचा नव्हे, मोबाइलमधला. रूळ टाकायचे, गावं जोडायची, गाडी पोचवायची, एवढाच माझा खेळ. माणसांना वेळ नसतो, म्हणून तर माझा जन्म. एकानं त्याच्या सवडीनं खेळी करायची, दुसऱ्यानं त्याच्या. तोवर मी गपगुमान वाट बघतो.

माझे धनी दोघं. लातूरची तनुजा रेणापूरच्या दवाखान्यात नर्स. तिचा धाकटा भाऊ अंगद नांदेडला औषधांच्या दुकानात. ती बसमध्ये खेळायची, तो जेवणाच्या सुट्टीत. दोघांचं बोलणं व्हायचं तेही माझ्याच पटावर.

"लई ड्युटी हाय रे, उद्या खेळते," ती लिहायची.

"खेळ सवडीनं, अक्का. गाडी थांबवून राहिलो," तो लिहायचा.

अंगद खेळात अगदीच भोळा. समोर सरळ वाट मोकळी असली तरी आडवळणानं रूळ टाकायचा, का तर सरळ गेलं की अक्काची वाट अडते. ती चिडायची, पण हा काही सुधारला नाही. मला तो फार आवडायचा.

मग एका दुपारी मोटारसायकलचा अपघात झाला. अंगद गेला, त्याच्या फोनचाही चक्काचूर झाला. डाव त्याच्याच खेळीवर अडून राहिला.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. मी तनुजाच्या पर्समध्ये सगळं ऐकत होतो. व्यंकटीमामा म्हणाले, "अंगदा, मायला आम्ही सांभाळतो, बाबा." कावळा ढिम्म. शेवटी तनुजा पुटपुटली, "अंग्या, आपला डाव मी पुरा करते." लगेच पंख फडफडले. कावळा शिवला.

आणि तेव्हाच माझ्यावर खेळी पडली. अंगदच्या नावानं. मी पुन्हा पुन्हा तपासलं, त्याच्याकडून कुठलाच फोन जोडलेला नव्हता. पण रूळ पडला होता तो आडवळणाचाच. भीती कशी असते ते मला तेव्हा कळलं.

तनुजाची आता एकच खेळी उरली. ती केली की डाव संपणार, आणि डाव संपला की मी सगळं पुसून टाकतो, अंगदचं बोलणंसुद्धा. म्हणून ती रोज बसमध्ये मला उघडायची, बघायची, मिटायची. 'आज काम लई हाय,' असं स्वतःलाच सांगायची.

आज मात्र तिनं शब्द पाळला. रडत रडत शेवटचा रूळ टाकला. "जा आता, अंग्या," म्हणाली. गाडी पोचली, पट कोरा झाला. मला वाटलं, सुटला बिचारा.

डाव संपला की मी दोघांना विचारतो, 'नवा डाव मांडू?' दोघांचा होकार आला तरच मांडतो. मी विचारायच्या आधीच अंगदचा होकार येऊन बसला होता. खाली त्यानं लिहिलं होतं, "ये अक्का. गाडीत तुझी जागा धरून राहिलो."

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आहे, ओठांवर हसू आहे आणि बोट होकारावर टेकायला आलं आहे.

मला कुणी खेळावं यासाठीच मी जगतो. तरी पाया पडतो, तनुजाताई, बोट मागे घ्या. बस थांबलीय. रेणापूर आलं. उतरा.