माझ्या पोटातली फळी

"एवरं मोठं घर दिलंय मेल्यांनो, आन् सगल्यांना एकाच कोपऱ्यान बसाचं हाय!"

गोजरबाईंचं डोकं माझ्या दारातून आत आलं की पहिलं वाक्य हे. दुसरं वाक्य गुडघ्यांबद्दल. आणि तिसरं जे असतं ते बाहेर कुणाला ऐकवायचं नसतं, म्हणून त्या ते माझ्यात बोलतात, पुटपुटत, अंडी उचलता उचलता. त्यांचं हे तिसरं वाक्य ऐकणारा या घरात मी एकटाच.

मित्रांनो, मी एक जुना खुराडा आहे. अंबरनाथच्या मोरिवली गावात, हरिचंद्र आणि गोजरबाई यांच्या घरामागे, पपईच्या झाडाखाली मी उभा आहे. गावाला खेटूनच कारखाने. त्यातल्या एकात हरिचंद्र कामाला होते. तिथे एकदा परदेशातून मोठं यंत्र आलं. यंत्र आत गेलं आणि त्याच्या खोक्याच्या देवदारी फळ्या हरिचंद्रांच्या सायकलवरून आमच्या अंगणात आल्या. त्या फळ्या म्हणजे मी. माझ्या पाठीवर अजून एक काळा बाण आहे, ही बाजू वर ठेवा असं सांगणारा. हरिचंद्रांनी नेमकी तीच फळी उलटी ठोकली. बाण जमिनीकडे. तेव्हापासून या घराला वर काय आणि खाली काय हे नीट कळतं का, याची मला जरा शंकाच आहे.

माझी सुरुवातीची वर्षं मजेत गेली. काळी, तांबडी, उघड्या मानेची, एका डोळ्यानं अधू, सगळ्या गावठी कोंबड्या माझ्या एकाच पोटात झोपायच्या. मुंगूस कधी आत शिरलं नाही, म्हणून आळीत माझं नाव होतं. आमची एखादी कोंबडी खुडूक बसली की शेजारणी आपली अंडी आणून तिच्याखाली ठेवायच्या. पिल्लं निघाली की निम्मी त्यांची, निम्मी आमची. कुठलं पिल्लू कुणाच्या अंड्यातलं, हे विचारायची पद्धत नव्हती. कोंबडीही विचारत नसे. ती सगळ्यांना सारखीच पंखाखाली घ्यायची आणि सारखीच टोचायची.

मग घरात माया आली.

माया ही हरिचंद्रांच्या मुलाची, गुरुदत्तची बायको. दोघं एकाच कंपनीत कामाला, तिथेच जमलं. तिचं माहेर बुवापाड्याचं, बौद्ध घर. आमचं घर जुनं आगरी. लग्न झालं. हरिचंद्र काही बोलले नाहीत. आता तुम्ही म्हणाल, बोलले नाहीत म्हणजे चांगलंच की! मित्रांनो, तुम्ही हरिचंद्रांना ओळखत नाही. त्यांचं न बोलणं हे आळीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

आमच्या घरचे आणि सगळी भावकी चैत्रात गाडी करून एकविरेला जातात. घरातल्या मुली देवीचं ताट हातात धरून पायऱ्या चढतात, तो त्यांचा मान. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात गाडी दारात आली तेव्हा माया नवी साडी नेसून उभी होती. गोजरबाई तिला म्हणाल्या, "सूनबाई, तू राहा गो घरी. कोंबऱ्यांना कोन बघंल?"

म्हणजे माझ्यासाठी. पुढे जिज्ञासा झाली, तर जिज्ञासाही माझ्यासाठीच. "आई एकटी कशी राहील? आन् कोंबऱ्या?" दरवर्षी गाडी जाते, आणि दरवर्षी या मायलेकी माझ्यासमोर दाणे टाकत बसतात. मी म्हणजे, एकदा दार लावलं की सकाळपर्यंत कुणी न बघता उभा राहणारा खुराडा! माझी कुणाला एवढी काळजी असती तर माझा पत्रा गळला नसता. त्या एका दिवसापुरती मात्र माझी फार काळजी असते.

असो. हरिचंद्र निवृत्त झाले आणि माझ्या वैतागाचे खरे दिवस सुरू झाले.

त्यांच्या हाती मोबाइल आला. मोबाइलमध्ये परदेशी कोंबड्या आल्या. निळी अंडी देणाऱ्या! मग उल्हासनगरहून सनी नावाचा एक पिल्लंवाला स्कूटरवर खोका बांधून आला. "अंकल, एकदम प्युअर माल. दाढी बघा, दाढी! अशी दाढी मिक्समध्ये येतच नाय." हरिचंद्रांनी पिल्लाची दाढी बघितली. पिल्लानं हरिचंद्रांची बघितली. व्यवहार झाला.

पिल्लं मोठी झाली आणि प्रत्येकाचं रूप वेगळंच निघालं. हरिचंद्रांनी मोबाइलवरून सगळं पाठ केलं. अस्सल म्हणजे तुरा बसका, वाटाण्याच्या शेंगेसारखा. गालांवर दाढी. पाय पाटीसारखे काळसर निळे. अंडं निळं म्हणजे निळंच. पाय हिरवट निघाले, अंडं हिरवं किंवा गुलाबी पडलं, की समजायचं मिक्स. आणि एक दिवस त्यांनी हातोडी आणली आणि माझ्या पोटात मधोमध एक फळी ठोकली. पुढच्या खणात अस्सल, मागच्या खणात मिक्स. पुढच्या खणाला नवा पेंढा. मागच्याला पुढचा जुना झाला की तो.

पुढे गेली राणी, काळीभोर, दाढीवाली, चालताना पायाखालच्या जमिनीवर उपकार केल्यासारखी. मागे गेली भिंगरी, चितकबरी, हिरवट पायांची. भिंगरी जिज्ञासाची लाडकी. ती जिज्ञासाच्या चपलेवर बसते.

आता ऐका. फळी ठोकणारे हरिचंद्रच, त्यामुळे ती तळाला टेकली नाही. खाली बोटभर नव्हे, चांगली कोंबडीभर फट राहिली. आणि कोंबड्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो: अंडं घालायला सगळ्यांना एकच जागा लागते. माझ्या पुढच्या खणाचा डावा कोपरा. बाकी जागा ओस पडलेली असो, या त्याच कोपऱ्यासाठी रांग लावणार. भिंगरी रोज फळीखालून सरपटत पुढे येते, कोपऱ्यात अंडं घालते आणि आल्या वाटेनं परत जाते.

आणि ते अंडं असतं निळं. निरभ्र आभाळासारखं. राणी घालते ते हिरवं! रोज हिरवं, कारण कोंबडी जन्मभर एकाच रंगाचं अंडं घालते, आज हिरवं उद्या निळं असली थेरं तिला जमत नाहीत. मला विचारा ना! अंडी माझ्या पोटात पडतात की मोबाइलमध्ये? पण हरिचंद्र दार उघडतात, निळं अंडं दिसलं की म्हणतात, "वा राणी!" हिरवं दिसलं की म्हणतात, "मागची कुणीतरी घुसली वाटतं." चांगलं सापडलं तर ते राणीचं आणि कमी वाटलं तर ते मागच्यांचं. हा हिशेब त्यांचा कधीच चुकत नाही.

मायाला हे पहिल्या आठवड्यातच कळलं. सकाळी दार तीच उघडते. तिनं गुरुदत्तला सांगितलं.

"बाबांना नको सांगू हां," तो म्हणाला. "उगाच त्यांना वाईट वाटेल."

"कशाचं वाईट वाटेल?"

"अगं, आता एवढं सगळ्या ग्रुपवर टाकलंय त्यांनी..."

माया हसली आणि गप्प बसली. गोजरबाईंनाही माहीत होतं. आमच्या घराची ही रीतच आहे. सगळ्यांना माहीत असतं, आणि एकाला वाईट वाटू नये म्हणून सगळे गप्प असतात. ज्यांना रोज वाईट वाटतं त्यांचं कुणी विचारत नाही.

एकदा जिज्ञासानं राणीचं हिरवं अंडं फोडलं, अंडापोळीसाठी. टरफल घेऊन ती धावत माझ्यापाशी आली, गोजरबाई आत वाकल्या होत्या. "आजी, हे बघ ना! बाहेरून हिरवंय, आतून निळंय. सेम भिंगरीसारखं!" खरंच असतं तसं. निळ्या कवचावर तपकिरी रंगाचा पातळ हात फिरला की आपल्याला ते हिरवं दिसतं. गोजरबाईंनी ते टरफल कितीतरी वेळ उजेडाला धरलं. मग माझ्यात डोकं घालून तिसरं वाक्य बोलल्या. ते मी अजून सांगणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी उपदेश करायचा असतो. मी तो आताच करून टाकतो, कारण या गोष्टीचा शेवट माझ्या हातात नव्हता. खुराडा कोरडा ठेवा. पेंढा बदला, सगळीकडचा बदला. पत्रा गळत असेल तर पावसाच्या आधी बघा, पावसात नको. आणि कोंबड्यांची पारख जरूर करा, ती चांगली विद्या आहे. पाय बघा, तुरा बघा, दाढी बघा. पण त्यासाठी आमच्या पोटात फळ्या मारू नका. त्या आम्हाला बोचतात.

तर यंदाचा चैत्र. उद्या पहाटे गाडी येणार होती. संध्याकाळी सुदाम आले. हे हरिचंद्रांचे थोरले भाऊ, भावकीतले वडीलधारे. त्यांची नात तेजस्वी दरवर्षी देवीचं ताट धरते आणि परत आल्यावर जिज्ञासाला सगळं रंगवून सांगते, किती पायऱ्या, किती वारा, माकडानं कुणाचा नारळ पळवला. जिज्ञासा तोंड उघडं ठेवून ऐकते.

हरिचंद्र राणीला काखेत घेऊन पुढे आले. "ही बघ दादा. अस्सल. पाय बघ तिचे."

"कोंबरीचे पाय काय बघू रं?" सुदाम म्हणाले. "कालवन कसं व्हतं ते सांग."

"अरे, निळं अंडं देते ही! मिक्सच्या सात पिढ्यांना जमणार नाही."

तेवढ्यात माझ्या पुढच्या खणातून गलका झाला. कॉक-कॉक-कॉक-कॉक! भिंगरी. माझ्या दारात उभी राहून तिनं सगळ्या मोरिवलीला बातमी दिली आणि उडी मारून थेट जिज्ञासाच्या चपलेवर जाऊन बसली. कोपऱ्यात निळं अंडं. ओलं, नुकतंच पडलेलं. आणि राणी हरिचंद्रांच्या काखेत.

सुदाम वाकून बघू लागले. "ही कंची?"

"ती... ती मिक्स आहे."

"मंग अंडं निलं कसं?"

"मागून घुसली असेल," हरिचंद्र सवयीनं म्हणाले.

"कोंबरी घुसली रं. रंग कसा घुसला?" सुदाम खो खो हसले. गुरुदत्तनं हसू दाबलं. माया नळाखाली बादली भरत होती, तिनं मान खाली घातली.

जिज्ञासा उड्या मारायला लागली. "आबा, म्हणजे भिंगरी आता पुढच्या खणात ना? तिचं निळं आहे ना?"

"नाही," हरिचंद्र म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "अंड्यानं काय होतंय? मिक्स ते मिक्सच. तिला पुढे घ्यायची नाही."

जिज्ञासानं भिंगरीला उचलून छातीशी धरलं. मग ती म्हणाली, "बरं. पण उद्या मी येणार आहे एकविरेला. शेजारच्या रखमाआजी कोंबड्यांना बघणार आहेत. मी स्वतः जाऊन विचारून आलेय. त्या हो म्हणाल्या."

मला वाटलं, सुटलो! इतक्या वर्षांत माझ्या मानेवरचं ओझं एका पोरीनं उतरवलं. पण मोठ्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

"गाडीत जागा नाही गं बाळा," हरिचंद्र म्हणाले.

"मी आजीच्या मांडीवर बसेन."

"तुला गाडी लागते ना, जिगू," गुरुदत्त म्हणाला. त्याची नजर मोबाइलवर, आणि मोबाइल बंद.

"मागच्या महिन्यात बदलापूरला आत्याकडे गेलो तेव्हा लागली का?"

"तुझी परीक्षा..."

"संपली, पप्पा! तूच आणायला आलेलास."

सुदाम खाकरले. "पायऱ्या लय हायती पोरी."

"तेजस्वी माझ्याहून लहान आहे. ती चढते." जिज्ञासानं सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "मग मी का नाही? मला कुणीतरी सांगा ना, का नाही?"

मायानं वर बघितलं. सासऱ्यांकडे नाही, नवऱ्याकडे. गुरुदत्तनं बंद मोबाइल खिशात घातला आणि परत बाहेर काढला. नळ तसाच चालू होता, बादली कधीच भरली होती.

गोजरबाई ते निळं अंडं उचलायला माझ्यात वाकल्या. मला माहीत होतं काय होणार. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, आणि मग ते तिसरं, दरवर्षी गाडी जायच्या आदल्या दिवशी माझ्या कोपऱ्यात पुटपुटलेलं. मी वाट बघत राहिलो. त्या आत काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा श्वास मात्र मोठ्यानं चालला होता.

त्यांनी डोकं बाहेर काढलं. केसांत पेंढा, मुठीत अंडं. गुडघ्यावर हात टेकून सरळ उभ्या राहिल्या, हरिचंद्रांच्या अगदी समोर.

"पोरीशी खोटं नका बोलू. जागा हाय, पायऱ्या ती चढंल, आन् कोंबऱ्यांना कुनी बघाची कवाच गरज नव्हती. तिची आई बौद्ध घरची हाय, आपल्यातली नाय, म्हनून तिला नेत नाय आपुन. आन् पोरगी तिच्या पोटची, म्हनून पोरीलाबी नाय. ह्ये हाय कारन. आता तुमी सांगा, ही आपली जिज्ञासा, हिला कंच्या खनान ठेवाची?"