लहान करून पाठवलेला फोटो

फाईल एकोणीस टक्क्यांवर येऊन बसली होती आणि पुढे सरकायचं नाव घेत नव्हती. फोटोवाले काका मात्र आज खुर्चीवरून उठले नव्हते.

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या या माणसाला सगळे फोटोवाले काकाच म्हणत. सव्वीस वर्षं हाडं बघून त्यांची नजर इतकी तयार झाली होती, की फिल्म ओली असतानाच ते निदान सांगून मोकळे होत. त्याचा त्यांना भारी तोरा होता. पुढे फिल्म गेल्या, कॉम्प्युटर आला. हाडांचे डॉक्टर बसायचे लांबच्या मोठ्या इस्पितळात. त्यांना फोटो ईमेलनं पाठवायचा, आणि इंटरनेट चालायचं मुंगीच्या पावलांनी.

तीन आठवड्यांपूर्वी टपाल वाटणारी बाई घोटा धरून आली होती. फोटोत काकांना केसाएवढा तडा दिसला. पण फाईल तासभर अडकली, दोनदा मधेच तुटली. घरी जायची वेळ टळून गेली, तसा काकांचा धीर सुटला. त्यांनी फोटो पार दहाव्या हिश्श्याएवढा लहान केला आणि तो चुटकीसरशी गेला. उत्तरही लगेच आलं: हाड ठीक आहे, नुसती मुरगळ, चालायला हरकत नाही.

तेव्हा डॉक्टरांना एक फोन करायला हवा होता. पण मग फोटो लहान केल्याचंही सांगावं लागलं असतं. काका मूग गिळून गप्प बसले. डॉक्टरांच्या उत्तराचा कागद त्यांनीच तिच्या हातात दिला, आणि त्या कागदाच्या भरवशावर ती तीन आठवडे जिने चढत टपाल वाटत राहिली.

आज ती कुबडी घेऊन आली. नव्या फोटोत हाड जागचं सरकलेलं दिसत होतं. पायी फिरायचं काम पुन्हा जमेल की नाही, ते डॉक्टर फोटो बघून सांगणार होते, म्हणून ती बाकावर वाट बघत बसली होती.

"काका, तुम्ही जा घरी, तुमची वेळ झाली," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार? नशीब माझं."

काकांची कानशिलं तापली. त्यांना तिच्याकडे बघवेना.

"नशीब नाही हो," ते म्हणाले. "मोठा फोटो जात नव्हता, म्हणून मागच्या वेळी मी तो लहान करून पाठवला. लहान फोटोत तडा दिसेनासा झाला. मला तो दिसला होता."

तिनं कुबडी बाजूला ठेवली.

"मग बोलला का नाहीत?"

खरं कारण त्यांना ठाऊक होतं, पण ते इतकं क्षुद्र होतं, की तोंडातून निघेना.

"लाज वाटली," ते शेवटी म्हणाले.

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. काकांनी आपली खुर्ची उचलून तिच्या दुखऱ्या पायापाशी नेऊन ठेवली आणि ते कॉम्प्युटरसमोर उभे राहिले.

बऱ्याच वेळानं मागे खुर्ची करकरली. तिनं पाय वर ठेवला असावा. वळून बघायचं धाडस काकांना झालं नाही. पडद्यावर एकतीस टक्के झाले होते.