गवताच्या आत

टेप खटकन आत गेली आणि सकाळची शांतता मोडली. पिवळी पोलादी टेप, सुताराकडे असते तशी. डोळे न उघडताच तिला कळलं, तो आरशासमोर उभा राहून खांद्यापासून कमरेपर्यंतचं स्वतःचं माप घेतोय. तिसऱ्यांदा. गवत कापायच्या यंत्राचा पट्टा अंगाला नीट बसला पाहिजे म्हणे... लग्नातल्या कोटाचं मापसुद्धा याने इतकं मन लावून दिलं नव्हतं.

"छप्पन्न," तो आरशाला म्हणाला.

तिने मुलीच्या मुठीतून आपली बाही हळूच सोडवली. छप्पन्न तर छप्पन्न.

दोन महिने हे चाललं होतं. वहीत रकाने – इंजीन, वजन, आवाज, नायलॉनची दोरी की पोलादी पातं – आणि जेवताना ताटाशेजारी मोबाइल, त्यात आवाज नको म्हणून कानात बोळे घातलेले दाढीवाले बाप्ये गवत कापताहेत, आणि हा घास हातात तसाच धरून बघतोय, जणू तेच याच्या वतीने कापून देणार आहेत. गवत मात्र याच्या रकान्यांसाठी थांबलं नव्हतं. कमरेला होतं ते छातीला आलं असेल, तुरे धरले असतील. बी झडलं की पुढची पाच वर्षं तेच निस्तरायचं. पण बी झडण्याचा रकाना वहीत नव्हता.

जमीन तिच्या बाबांची. ते तिला 'वरचं रान' म्हणायचे, हा 'प्रॉपर्टी' म्हणतो. बाबा गेल्यावर तीन वर्षं तिकडे कोणी फिरकलं नाही. याला विकायची होती, ती अडून बसली, शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, नको विकू. पण साफ करायचं माझ्यावर सोड. तू त्यात पडू नकोस."

नाही पडले. त्या दिवसापासून त्याने एकदाही विचारलं नाही – उतार कुठे आहे, विहिरीचा काठ कुठे सुरू होतो, खाली काय आहे. आणि खाली काटेरी तार आहे. बाबांनी ती ठोकली तेव्हा दुसरं टोक धरून मी उभी होते, दहा वर्षांची, तळहातांना फडकी गुंडाळून... खांब वाळवीने खाल्ले, पाचही पदर आडवे झाले, वरून गवत आलं. दोन महिन्यांपूर्वी रान बघायला गेलो तेव्हा मुलीचा फ्रॉक त्यात अडकला, तो सोडवताना माझी दोन बोटं फाटली. तेव्हा हा वर रस्त्यावर उभा राहून फोटो काढत होता.

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "बोला साहेब. गवत की झुडूप?"

"मिक्स ग्रोथ आहे."

मिक्स ग्रोथ! तिने ओठ आत ओढून घेतले.

"मग पातंच लावा, झुडपाला दोरी पुरायची नाही. चालवायला माणूस आहे?"

"मीच चालवणार."

दुकानदाराने त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "वहिनी, रविवारी तेल कोमट करून ठेवा बरं का, साहेबांच्या पाठीला." आणि हासुद्धा हसला! आपल्याला हसताहेत हेही ज्याला कळत नाही, त्याच्यावर चिडायचं तरी कसं?

"एक विचारून ठेवतो. आत दगड, तारा-बिरा?"

"छे, सगळं क्लिअर आहे. फोटो आहेत ना माझ्याकडे." त्याने मोबाइल पुढे केला. त्यात हिरवं होतं. नुसतं हिरवं.

"नाही, पात्यात तार गेली की गुंडाळते. तुकडा सुटला तर नडगीत शिरतो हो, गोळीसारखा. पाहिलंय मी एकाचं."

ती मुलीचं नाक पुसत होती, पुसून झालेलं नाक. एक वाक्य, बस. पण मी का? त्याने नुसतं वळून "काय गं?" म्हटलं असतं... तो वळला नाही. पट्टा चढवून, छप्पन्नवर बक्कल लावून, तो आरशासमोरही कधी दिसला नसेल इतका खूश उभा होता. आणि तिच्या आत काहीतरी गार, गोड सरकलं – यंत्र गचका खाऊन बंद पडेल, तो घामाघूम मान वर करेल आणि पहिल्यांदा, पहिल्यांदाच विचारेल, "हे काय आहे गं इथे?" या एका प्रश्नासाठी ती दोन महिने गप्प होती.

गाडीत यंत्र मागच्या सीटवर आडवं घातलं होतं, मुलगी तिच्या मांडीवर होती. "रविवारी मी एकटाच जातो," तो म्हणाला. "तुम्हा दोघींना उगाच धूळ नको." इतकं साधं बोलला की तिला त्यात हसण्यासारखं काही सापडेना. दुकानदाराचं ते दुसरं वाक्य मघाशी कानावरून गेलं होतं, ते आता आत उतरलं... नडगी. चादरीबाहेर येणारी त्याची नडगी, मोजे घासून केस गेलेली, तिथे लहान मुलासारखी गुळगुळीत; तिचा पाय झोपेत तिथेच जाऊन टेकतो. ती त्याला काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडणार होती – पण दोन महिन्यांचं गप्प बसणं आधी सांगावं लागलं असतं. तेवढ्यात सिग्नलला तो उतरला, मागचं दार नीट लागलं नव्हतं ते लावायला.

मुलीने तिची बाही ओढली.

"आई, गवतातली ती तार बाबांना दिसेल ना?"