मागून येणारा कावळा

मी लोकांना गाडी शिकवते. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि तो दाबून दाबून माझा उजवा पाय कामातून गेलाय. सिनेमात कुणी धावत समोर आलं तरी मी खुर्चीखालची जमीन दाबते. तशीही मी एका जागी बसणारी नाही. दादा लहानपणापासून मला भिंगरी म्हणतो, आणि त्याचं ऐकून वहिनीही तेच म्हणते.

त्या रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला. "भिंगरे, जरा येऊन तुझ्या भावाला बघून जा. आठवडा झाला, माळ्यावरून तुमचा तो जुना व्हिडिओ गेम काढलाय. शाळेची बस लावून घरी आला की त्याच्यापुढे बसतो. हरतो आणि माझ्यावर खेकसतो."

"खेकसतो? दादा?"

"हो, तुझा दादाच! जेवणात मीठ नसलं तरी ज्याच्या लक्षात येत नाही, तो."

दादा शाळेची बस चालवतो. मागे बसभर पोरं किंचाळत असताना जो माणूस शीळ घालत वळण घेतो, तो खेळातल्या बाहुल्यापायी बायकोवर खेकसतो हे मला काही पटेना. गाडी शिकायला आलेल्या बाईंना त्यांच्या दारात सोडलं आणि तशीच तिकडे निघाले.

दादा हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसला होता. रिमोटची वायर आखूड, म्हणून भिंतीवरच्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात. पडद्यावर आमचा ठेंगू. हातात कंदील घेऊन एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारायच्या आणि गावातले सगळे दिवे लावायचे, एवढंच त्याचं काम. खेळाच्या खोक्यावर परकी अक्षरं होती, त्यामुळे खेळातल्या प्रत्येक गोष्टीचं बारसं आम्हीच केलं होतं. ठेंगू आमचा, पाणचक्की आमची, आणि मागून येऊन टोच मारणारा तो मेला कावळाही आमचाच. कावळ्याची येण्याची वेळ ठरलेली नसायची, म्हणून सगळे त्याला टरकून असत. दादा मात्र पाणचक्की पार करता करता मित्रांशी गप्पा मारायचा. आसपासची पोरं खास त्याचा खेळ बघायला यायची.

आता तो पाणचक्कीपर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

"टीव्हीचा दोष आहे," मी चपला काढेपर्यंत तो म्हणाला. "बटण मी दाबतो आत्ता, आणि हा साहेब उडतो मागाहून."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" स्वयंपाकघरातून वहिनी.

मी रिमोट घेतला. पहिलाच खड्डा. मी बटण दाबलं, ठेंगूने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि सरळ खड्ड्यात गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दादाचं खरं होतं! मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. दुरुस्त करता येईल असं काहीतरी सापडलं की माझा जीव थाऱ्यावर येतो. मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं: हे नवे टीव्ही आधी चित्र आपल्याकडे घेतात, त्याला पावडर-कुंकू करतात आणि मग दाखवतात. सिनेमा बघताना कळत नाही, पण या खेळात उडीचा हिशोब पापणी लवण्याइतका. आपली बोटं शिकलीत जुन्या डबा टीव्हीवर. त्यांचं काय चुकलं?

"मग डबा टीव्ही आण," दादा म्हणाला. तो थट्टा करत होता, पण मी निघालेसुद्धा.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात कोपऱ्यात एक डबा पडून होता. त्यावर मालक कुंडी ठेवायचे. कुंडी जमिनीवर आली, मालकांना कळवण्याचं मी मनातल्या मनात ठरवलं, आणि वॉचमनच्या मदतीने ते धूड मागच्या सीटवर चढवून त्याला पट्टा बांधला. इतका गुणी विद्यार्थी माझ्या गाडीत आजवर बसला नव्हता.

दादा खाली आला. दोघांनी मिळून डबा वर नेला. आत शिरताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला.

"दार अरुंद आहे," तो म्हणाला.

मी हसले. डबा जड होता, मला तो खाली ठेवायची घाई होती.

वायरी जोडल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली, मुंग्या गेल्या आणि चित्र आलं. आधी मी खेळले. काय सांगू! माझ्या बोटांना सगळं आठवत होतं. मी विचार करायच्या आत ठेंगू उडत होता. मी पाणचक्कीपर्यंत गेले आणि तिथे मेले, पण ती माझी लहानपणापासूनची लायकीच होती. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"ऐकलंस का गं?" तो स्वयंपाकघराकडे ओरडला. "अंगणच वाकडं होतं!"

मग त्याने रिमोट घेतला. खड्डे त्याने असे ओलांडले की मी टाळ्याच वाजवल्या. पाणचक्कीची चाकं एकामागून एक, एकही उडी चुकली नाही. आणि कावळा आला. मागून आला, ठेंगूच्या डोक्यावर बसला, खेळ संपला.

"असू दे, सवय गेलीये," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा पुन्हा कावळा. तिसऱ्यांदा मी आधीच ओरडले, "दादा, मागे! मागे बघ!"

"कुठे?"

तो कावळा एव्हाना अर्धा पडदा ओलांडून आला होता. माझा पाय जमिनीवर दाबला गेला.

त्यानंतर मी पडद्याकडे बघणं सोडून दिलं. शिकवताना मी रस्त्यापेक्षा शिकणाऱ्याच्या डोळ्यांकडे जास्त बघते. डोळे आधी जातात, हात मागून जातात. दादाचे डोळे उजवीकडून काही आलं की लगेच तिकडे वळत होते. डावीकडून काही आलं की जागचे हलत नव्हते. ठेंगू चालतो उजवीकडे, म्हणजे मागून येणारं सगळं येतं डावीकडून.

मला दाराची चौकट आठवली. मागच्या महिन्यात शाळेच्या गेटला बस घासली होती, तेही आठवलं. त्या गेटमधून तो इतकी वर्षं बस काढतोय. तेव्हा आम्ही गेटलाच शिव्या घातल्या होत्या.

"मी निघते," मी म्हटलं. "उद्या सकाळी लवकर क्लास आहे."

उठले, किल्ल्या घेतल्या, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. पुन्हा उठले. उद्या सकाळी यालाही बस काढायची होती. त्याच्या बसचं दार डावीकडे आहे. पोरं तिकडूनच चढतात, तिकडूनच उतरतात आणि उतरली की वाट्टेल तशी पळतात.

"दादा, गेटला बस घासली ती कुठली बाजू?"

त्याने खेळ थांबवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"डावी," तो म्हणाला. मग तोच पुढे बोलायला लागला, "मी चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. बोर्डावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. म्हणाले, नजर उत्तम आहे. तरी मनातून जाईना. म्हटलं, जो खेळ आपल्याला पाठ आहे तोच खेळून बघावं. कावळ्याला चुकवता येईना तेव्हा टीव्हीवर ढकललं. मघाशी तू हा डबा घेऊन आलीस ना, इतका आनंद झाला मला! वाटलं, सुटलो."

"आणि आठवडाभर रोज बस काढलीस?"

"सावकाश काढली."

"सावकाश!" माझा आवाज चढला. "पोरं सावकाश पळतात का?"

"हळू बोल. ही ऐकेल."

मला त्याचा राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीतलं आधी काय करावं ते कळत नव्हतं. अशा वेळी मी काहीतरी काम काढते. मी त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिले.

"समोर बघ. टीव्हीच्या मधोमध. मान हलवायची नाही, डोळे हलवायचे नाहीत. मी बोटं दाखवते, किती आहेत ते सांगायचं."

"कळलं."

मी हात वर केला. तो वाट बघत राहिला. पडद्यावर ठेंगू अर्ध्या उडीत लटकला होता.

"दाखव की," दादा म्हणाला.

मी हात पुढे नेला, आणखी पुढे नेला. देवाशपथ, मला वाटत होतं की हा आता हसेल, कशी गंमत केली म्हणेल. हात त्याच्या नाकासमोर आला तेव्हा तो म्हणाला, "हां. पाच."

मग त्याने मान वळवून माझा खांदा बघितला, कोपर बघितलं, आणि माझा हात कुठून निघून कुठे आला ते त्याला समजलं. गाड्या चालवणाऱ्या माणसाला अंतर सांगावं लागत नाही.

"किती वेळ वर होता?"

"पहिल्यापासून."

त्याने रिमोट जमिनीवर ठेवला. तळहात पँटला पुसले. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, मी नेते, मोठ्या डॉक्टरकडे जाऊ, कदाचित काही नसेलही, असं मी भराभरा बोलत सुटले होते. त्याने हात वर करून मला गप्प केलं आणि फोन घेतला. बसचं वेळापत्रक बघणाऱ्या साहेबांना लावला.

"साहेब, उद्या सकाळी माझ्या गाडीवर दुसरा कुणीतरी पाठवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, ताप नाही. रजा उद्याचीच नव्हे, पुढचीही धरा." पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. दादाने घसा साफ केला. "मला दिसत नाहीये, साहेब. डावीकडचं दिसत नाहीये."

त्याने फोन मांडीवर ठेवला आणि समोरच बघत राहिला. ठेंगू अजून तसाच लटकलेला होता.

"भिंगरे," तो अगदी हळू म्हणाला, "हिला आज काही बोलू नकोस. घाबरेल ती. कसं सांगायचं ते मी बघतो."

वहिनी त्याच्या डाव्या हाताला उभी होती, चहाचे कप घेऊन, फोन सुरू झाला तेव्हापासून.