एक्केचाळीस नंबरची जागा

माझ्या नाकावर निळ्या रंगात ठळक चोवीस लिहिलेलं आहे. तो आकडा काही मी मागून घेतलेला नाही. तरी त्याच्यापायी चाकं काढून एका दुकानामागे विटांवर बसायची वेळ माझ्यावर येता येता राहिली. मित्रांनो, ती हकीकत सांगायची, तर आधी माझी ओळख करून द्यायला हवी. मी एक जुनी घरगाडी आहे. मला चार चाकं आहेत, पण इंजीन नाही. पुढे एक लोखंडी दांडा आहे, तो पिकअप ट्रकला अडकवला की मी निघाले. पोटात दोन पलंग, एक शेगडी, एक मोरी आणि दोन बाकांमध्ये एक टेबल, एवढा माझा संसार आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. मला बांधणारे बरेचसे कारागीर आमिश या जुन्या चालीच्या ख्रिस्ती पंथाचे होते. लांब दाढीचे, काळ्या हॅटचे, सायकलवरून कामावर येणारे. ज्यांच्या घरी विजेचा दिवा नाही, ते माझ्या भिंतींत दिव्यांची बटणं बसवत होते, याची मला अजूनही गंमत वाटते. काम मात्र चोख. इतकी वर्षं झाली, पण माझं एकही कपाट वाटेत आपोआप उघडलेलं नाही.

मला विकत घेतलं वेंडेल क्राउडर याने. तो राज्याच्या दक्षिण टोकाला एका लहानशा गावात शाळेची बस चालवायचा. त्याची बायको लोरीन त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दर जूनमध्ये शाळा सुटली की आम्ही बटरनट पार्कला जायचो. हे पार्क म्हणजे पाळणे, घसरगुंड्या आणि जुना लाकडी रोलर कोस्टर असलेली मोठी बाग. तिला लागूनच झाडीत आमच्यासारख्या गाड्यांसाठी मुक्कामाच्या जागा आखलेल्या आहेत. एकतीस वर्षं आमचा हा शिरस्ता होता, आणि एकतीस वर्षं कामाची वाटणीही ठरलेली होती. वेंडेल चालवायचा. मला जागेवर लावायची वेळ आली की लोरीन खाली उतरून मागे उभी राहायची आणि हात हलवून "येऊ दे, येऊ दे, बस" म्हणायची. रिव्हर्स घेताना नवरा-बायकोचं वाजणं हा आमच्या मुक्कामांवरचा रिवाजच आहे. या दोघांचं दोन-तीन वर्षांतून एकदा वाजायचं, म्हणजे काहीच नाही.

सहलीची आखणी मात्र फेब्रुवारीत व्हायची, आणि ती माझ्या पोटात बसून. बाहेर बर्फ असायचं. माझ्या नळांत पाणी गोठू नये म्हणून भरलेलं गुलाबी औषध असायचं. तरी दोघं घरातून विजेची वायर ओढून आणत, छोटा हीटर लावत आणि अंगात कोट घालून माझ्या टेबलाशी बसत. घरात बसून आखलेली सहल पार पडत नाही, असं लोरीनचं ठाम मत होतं. नकाशा, कॉफी, किराण्याची यादी, कोणत्या दिवशी बीन सूप आणि कोणत्या दिवशी कणसं, सगळं तिथेच ठरायचं. वर्षातली माझी आवडती दुपार तीच. प्रवास तर कोणाही गाडीच्या वाट्याला येतो.

मग वेंडेलचे डोळे गेले. पूर्ण नाही गेले. कडेकडेचं दिसायचं, पण नेमकं समोरचं पुसल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी ऑक्टोबरात गाडी चालवायला बंदी केली. चाळीस वर्षं लोकांची पोरं एकाही अपघाताशिवाय शाळेत पोचवलेला माणूस तो. त्याने किल्ली फळीवर ठेवली आणि त्या दिवसापासून माझ्याकडे फिरकला नाही. थंडीत माझ्या उशीत उंदरांनी घर केलं. मला फार वाईट वाटलं, हे कबूल करते.

लोरीनचा भाऊ डेल्मर याचं तळ्याकाठी मासेमारीच्या गळांचं आणि आमिषाचं दुकान आहे. तो जानेवारीत येऊन मला टकटक वाजवून बघून गेला. दुकानामागे विटांवर ठेवायची, चाकं काढायची आणि गिऱ्हाइकांना रात्रीपुरती भाड्याने द्यायची, असा त्याचा बेत होता. वेंडेल म्हणाला, "जुलैत घेऊन जा."

फेब्रुवारीत लोरीन एकटीच वायर ओढत आली. हीटर लावला, उंदरांना बाहेरचा रस्ता दाखवला आणि नकाशा पसरला. थोड्या वेळाने वेंडेल दाराशी येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

"दर फेब्रुवारीत चालतं तेच. दार लाव, गरम हवा बाहेर जातेय."

"नेणार कोण पार्कला?"

"मी."

वेंडेलने मान हलवली. "तू आयुष्यभर हात दाखवलेस, लोरीन."

"तेच तर. ही कशी वळते ते तुझ्यापेक्षा मी जास्त पाहिलंय. तुला पुढचाच रस्ता दिसायचा."

तो दार लावून आत आला. मग बाकावर टेकला. "ठीक आहे. तू नेलीस आणि दुसऱ्या कोणाचा हात न लागता जागेवर लावलीस, तर ही राहील. नाहीतर डेल्मर."

"कबूल," लोरीन म्हणाली आणि यादीत पहिला शब्द लिहिला, कॉफी. तेव्हापासून माझा जीव त्या एका गोष्टीत अडकला.

सरळ चालवण्यात तिला काही अडचण नव्हती. घोडं अडलं रिव्हर्सशी. मित्रांनो, मागून ओढली जाणारी गाडी मागे ढकलायची, तर सगळं उलटं होतं. चालवणाऱ्याने स्टिअरिंगचं चाक डावीकडे फिरवलं की मी उजवीकडे जाते. हा माझा हट्ट नाही, माझी घडणच तशी आहे. एप्रिलमध्ये दर शनिवारी ती मला चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये न्यायची, दुधाच्या रिकाम्या प्लास्टिक कॅनमध्ये पाणी भरून त्यांच्या दोन रांगा मांडायची आणि मला मध्ये घ्यायला बघायची. वेंडेल बाहेरून शिकवायचा.

"डावीकडे. माझ्या डावीकडे नाही, तिच्या."

"तिची डावी कुठली? तोंड कुठे आहे तिचं?"

"अगं, चाक उलटं फिरव."

"आता तेच केलं ना?"

"मग सुलटं फिरव."

साठ पोरांना ओळीत बसवणारा हा माणूस शिकवणीत मात्र अगदी कच्चा निघाला. चार शनिवारांत एकोणीस कॅन फुटले. शेवटी लोरीनने तोड काढली. मुक्कामावर काही जागा आरपार असतात. एका बाजूने शिरायचं, दुसऱ्या बाजूने निघायचं, रिव्हर्सची भानगडच नाही. तिने माझ्याच टेबलाशी बसून पार्कला फोन लावला आणि आरपार जागा मागितली. तिकडून गाडीची लांबी विचारली. लोरीन खाली उतरली, माझं नाक बघितलं आणि आत येऊन सांगितलं, "चोवीस फूट."

पुढे पत्र आलं, जागा क्रमांक एक्केचाळीस. पूर्वी असं पत्र आलं की वेंडेल पार्कचा नकाशा काढून जागा शोधायचा. यंदा त्याला ते वाचता येत नव्हतं, आणि लोरीनला वाटलं की आपण मागितलं म्हणजे मिळालंच. पत्र तिने खणात ठेवून दिलं.

जूनमध्ये आम्ही निघालो. मुलगी डार्ला आणि आठ वर्षांची नात टेसा दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीने यायच्या होत्या. लोरीनने चार तास एकाच वेगाने ट्रक चालवला. मागचे भोंगे वाजवत होते, तिने लक्ष दिलं नाही. वेंडेल शेजारी बसून न बघता सांगत होता, आता उतार येईल, आता पूल. लांबच्या रस्त्याने माझी चाकं गेल्या उन्हाळ्यानंतर प्रथमच गरम झाली होती. मी खूश होते.

पार्कच्या खिडकीशी बसलेल्या मुलीने कागद बघितला. "एक्केचाळीस. ओकच्या झाडापाशी रिव्हर्स घ्या."

"रिव्हर्स? मी आरपार मागितली होती," लोरीन म्हणाली.

"आरपार जागा सव्वीस फुटांच्या वरच्या गाड्यांना असतात, मॅडम. तुमची चोवीस लिहिली आहे."

"ती चोवीस आहेच. तिच्या नाकावर लिहिलंय."

वेंडेल मागून हळूच म्हणाला, "ते आतल्या खोलीचं माप आहे. दांड्यासकट साडेसत्तावीस होते."

लोरीन वळली. "एकतीस वर्षांत हे मला सांगितलं नाहीस?"

"एकतीस वर्षं फोन मीच करायचो."

दुसरी जागा मागितली, पण शाळा सुटल्याचा आठवडा, सगळ्या भरलेल्या. निदान एक्केचाळीस तीस फुटांची होती, म्हणून मी मावणार होते. लोरीनने ट्रक चालू केला. तिने ब्रेक दोनदा उगाच दाबून पाहिला. ते मला दांड्यातून कळलं.

मुक्कामावरचा एक रिवाज तुम्हाला सांगायला हवा. संध्याकाळी नवी गाडी लागायला आली, की आजूबाजूचे घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे वळवून बसतात. वाईट हेतूने नाही. फुकटची करमणूक असते. आम्ही पोचलो तेव्हा नऊ खुर्च्या होत्या. लोरीनने पहिल्यांदा मला घेतलं ते थेट रस्त्याला आडवं. दुसऱ्यांदा शेजारच्यांच्या कणसांच्या शेगडीपर्यंत. सहाव्या खेपेला मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या आणि खुर्च्या चौदा झाल्या होत्या. वेंडेल माझ्यामागे उभा राहून "येऊ दे" म्हणत होता, पण काय येतंय ते त्याला दिसत नव्हतं, आणि हे लोरीनला माहीत होतं.

एक गृहस्थ उठून आला. चांगला माणूस होता. खिडकीशी वाकून म्हणाला, "ताई, मी लावून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

 दोन मिनिटं, आणि मग डेल्मरच्या विटा.

"आभारी आहे," लोरीन म्हणाली. "पण नको. माझं मलाच लावायचंय." तो गेल्यावर तिने इंजीन बंद केलं आणि डोळे पुसले. "वेंडेल, मला नाही जमत. डेल्मरला फोन कर."

वेंडेल दरवाज्याशी आला. त्याने दार उघडलं. मग म्हणाला, "सरक जरा. मला बसू दे."

"तुला चालवायची बंदी आहे."

"इंजीन बंद आहे ना? नुसता बसतो. मी काय करायचो ते मलाच आठवत नाहीये. हातांना विचारतो."

तो चाकामागे बसला. डोळे मिटले. जणू मागे मी आहे, रस्ता आहे, सगळं पूर्वीसारखंच आहे, असे त्याने हात चाकावर टाकले. उजवा हात वर न जाता चाकाच्या अगदी खाली गेला आणि तिथेच थांबला.

"खाली," तो म्हणाला. त्यालाच नवल वाटत होतं. "लोरीन, माझा हात खाली असतो. चाकाच्या बुडाशी. बुडाला धरायचं आणि हिचं ढुंगण जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा. उलटं काहीच नाही मग."

"आणि हे तू मला चर्चपाशी का नाही सांगितलंस? एकोणीस कॅन फुटले."

"मला कुठे ठाऊक होतं? मी कधी हाताकडे बघितलंच नाही."

लोरीन पुन्हा चाकामागे बसली. वेंडेल माझ्या डाव्या अंगाला आला आणि तळहात माझ्या पत्र्यावर टेकवून उभा राहिला. "मी हिला धरून चालतो," त्याने ओरडून सांगितलं. "आरशात मी दिसेनासा झालो की थांब."

ती थांबत थांबत मागे आली. हात डावीकडे, मी डावीकडे. हात उजवीकडे, मी उजवीकडे. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकी हळू कधी गेले नव्हते. मागची दोन चाकं खडीवर चढली, मग पुढची दोन. तेवढ्यात उजव्या अंगाला, जिकडे वेंडेल नव्हता, ओकची एक तुटकी फांदी लागली आणि करकर असा लांब आवाज झाला. लोरीनने ब्रेक दाबला. 

मी जागेवर होते. अगदी सरळ.

वेंडेल मला वळसा घालून पलीकडे गेला आणि बोटांनी चाचपू लागला. एकतीस वर्षांत त्याने मला एक पोचा येऊ दिला नव्हता. लोरीन उतरून त्याच्यामागे उभी राहिली.

"केवढा आहे?" तिने विचारलं.

"हातभर. चांगला खोल आहे."

"मग?"

"मग काय? डेल्मरला कळव, माल खराब झालाय. असला माल मी मेहुण्याच्या गळ्यात नाही मारणार." आणि तो हसायला लागला. त्याला हसताना मी ऑक्टोबरनंतर ऐकलं नव्हतं. लोरीन हसत नव्हती. ती माझ्या पायरीवर बसून मोकळेपणाने रडली, आणि वेंडेल तिच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी बसला. खुर्च्या हळूहळू पुन्हा आपापल्या शेगड्यांकडे वळल्या. मघाचा तो गृहस्थ दोन भाजलेली कणसं ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी टेसा आली. तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला दिसत नाही, तर लाकडी कोस्टरवर कसं बसणार?"

"त्याच्यावर सगळे डोळे मिटूनच बसतात," वेंडेल म्हणाला आणि तिच्यासोबत तीनदा बसून आला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. अजून दर फेब्रुवारीत माझ्या टेबलाशी हीटर लागतो. आता पार्कबरोबर आणखी दोन ठिकाणं यादीत असतात, आणि माझ्या अंगावर लहानमोठे सात ओरखडे आहेत. मित्रांनो, आमची काळजी घ्या म्हणजे आम्हाला झाकून ठेवा असं नव्हे. नळ गोठू देऊ नका, उंदीर शिरू देऊ नका, एवढं बास आहे. आणि एक मागणं आहे. तुमच्याही घरात कोणीतरी वर्षानुवर्षं नुसतं मागे उभं राहून हात दाखवत असेल. आई असेल, आजी असेल. तिने किल्ली मागितली तर द्या. पत्र्यावर ओरखडा उमटला तर रागावू नका. तो मला जराही दुखला नाही.