बाण कोणाकडून कोणाकडे

फिट मेंदूत कुठून कुठे जाते हे दाखवणारा, डॉक्टर क्लेमाँसने स्वतःच काढलेला बाण तिच्या डोळ्यांत खुपत होता. तिचा रुग्ण आंज सांतुच्ची याच्या मेंदूच्या चित्रांवरून तिने हिशेब मांडला होता: आधी बोलण्याची जागा पेटते, मग खोलवरची. म्हणजे फिटचं मूळ बोलण्याच्या जागेत, आणि तिथे सुरी लावायची सोय नाही. गुरुवारच्या बैठकीत आंजला तसाच घरी पाठवायचं ठरणार होतं. बुडी मारून उर्सँ नावाचे काटेरी समुद्रजीव काढून पोट भरणारा माणूस तो. फिट येणाऱ्याला मार्सेयच्या समुद्रात कोण उतरू देणार?

पण चित्रं होती पेटलेल्या जागेकडे धावणाऱ्या रक्ताची, खुद्द पेशींची नव्हे. खोल जागेशेजारी जुनी जखम होती. तिथे रक्तच रेंगाळत असेल, तर आधी पेटलेली जागाही चित्रात मागून पेटल्यासारखी दिसणारच!

"आपलाच बाण मोडायला निघालीस?" विभागप्रमुख रुबो खवळले. "यंत्राची वेळ काय तुझ्या आजोबांनी राखून ठेवलीय?"

"आजोबांनी नाही सर, तुम्ही. उद्याची तुमची वेळ मला द्या."

रुबो कुरकुरले, पण त्यांनी ती दिली.

"मी सांगितलं की श्वास रोखायचा," तिने यंत्रात झोपलेल्या आंजला सांगितलं. श्वास रोखला की मेंदूत सगळीकडेच रक्त वाढतं. कुठे उशिरा वाढलं, तर ती नुसती रक्ताच्या नळ्यांची सुस्ती.

आंज खदखदून हसला. "डॉक्टरीणबाई, दोन वर्षं मला पाण्यात पाय घालू देत नाहीत. इथे तरी घेतो बुडी!"

त्याने इतका दम धरला की यंत्रावरची बाई घाबरून ओरडली, "अहो, सोडा आता!"

खोल जागेत रक्त बऱ्याच उशिरा चढलं. क्लेमाँसने ती दिरंगाई वजा करून गणित पुन्हा मांडलं आणि बाण फिरला. तिचा विश्वास बसेना. तिने सगळं पुसून पहिल्यापासून केलं. बाण फिरलेलाच राहिला.

"हे गणित झालं, पुरावा नव्हे," बैठकीत रुबो म्हणाले.

"मग तारा घाला. त्या जागांनाच विचारू."

आंजच्या डोक्यात बारीक तारा बसवल्या. खोल जागेला विजेचा हलका झटका दिला, तशी बोलण्याची जागा लगेच उसळली. उलट करून पाहिलं, तर खोल जागा ढिम्म. रुबोंनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

क्लेमाँस खाटेपाशी गेली. "मूळ खोल जागेत आहे. ऑपरेशन करता येईल."

आंजने बुडीआधी घेतात तसा दम भरला आणि धरूनच ठेवला. छाती हलेना, डोळे छताला लागलेले.

"अहो, सोडा आता," ती म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं.