सोक सरांनी हाकललेली मुलं

मोकपो शहराच्या बंदराजवळ सोक सरांचा खासगी क्लास होता. तिथं ओक्जूबाई गणित शिकवायच्या. एके दिवशी सरांनी गणितात कच्च्या असलेल्या दाओन नावाच्या मुलीला वर्गादेखत उभं केलं, तिच्यामुळे क्लासचं नाव खराब होतंय असं सुनावलं आणि तिला बाहेर काढलं. ओक्जूबाई मध्ये पडल्या, तर त्यांनाही घरचा रस्ता दाखवला. वर, बाईंना शिकवताच येत नाही, असं पालकांत पसरवलं.

बाई आतून पेटल्या. वस्तीतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या फुकट शिकवू लागल्या, तेही फक्त सोक सरांनी हाकललेल्या मुलांना. याच मुलांकडून त्या माणसाचं नाक कापायचं, एवढंच डोक्यात होतं. म्हणून घाईघाईनं फळ्यावर एकामागून एक गणितं सोडवत सुटायच्या. दाओन मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

शेवटी तीच म्हणाली, "बाई, तुम्ही मला शिकवताय की सरांशी भांडताय?"

बाईंना ते झोंबलं. पण त्या दिवसापासून त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः गप्प बसून ऐकू लागल्या. तेव्हा कुठं कळलं, की खालचा आकडा मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा, असं ती तिसरीपासून धरून बसली होती. बाईंनी तिथूनच पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक मुलाची गाठ अशीच शोधली. राग निवला नाही, फक्त कामाला लागला.

वर्षभरानं दाओन शाळेत गणितात पहिली आली. मासळीबाजारात बायका तेच बोलत होत्या.

मग सोक सरांची बायको पोरीसाठी शब्द टाकायला आली. त्यांची मुलगी चेरिन बापाच्या वर्गात भीतीनं थरथरायची, गणितात नापास झाली होती. पोरीला घ्यायचं बाईंनी मनात तेव्हाच ठरवलं, पण बोलल्या एवढंच, "तिच्या वडिलांना पाठवा."

सर चेरिनला घेऊन आले. बाईंनी त्यांना सगळ्या मुलांसमोर दाओनची माफी मागायला लावली. ते पुटपुटले.

"मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही, सर," बाई शांतपणे म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा, मोठ्यानं मागितली. दाओन म्हणाली, "ऐकलं. माफ नाही केलं." मग बाकावर सरकून तिनं चेरिनला जागा दिली.

त्या संध्याकाळी बाईंनी ताजा ऑक्टोपस विकत घेतला, लाल तिखटात परतला आणि एकटीनंच चवीचवीनं संपवला.